बी घ्यावे ते कोणत्या झाडाचे?

आपल्या अरण्यांच्या ऱ्हासाविषयी जे लिहिले जाते त्यात किती झाडे तोडली गेली याचा हिशेब आवर्जून दिलेला असतो. परंतु कोणती झाडे तोडली गेली हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही, आणि ज्याला इमारती लाकडाचे रोप लावावयाचे आहे त्याच्या दृष्टीने हा दुसरा प्रश्नच अधिक जिव्हाळ्याचा आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिले, त्यात आरमारासाठी लागणारे सागवानादी लाकूड हुजूरच्या परवानगीने तोडावे आणि रयतेच्या आंब्याफणसांना हात लावू नये अशी ताकीद आहे. ही ताकीद मोठी शहाणपणाची होती यात शंका नाही. तथापि तक्ते, सोट आणि डोलकाठ्या यांच्या शोधात रानात शिरणारा माणूस वाकड्या, गाठाळ किंवा पोकळ झाडापाशी थांबत नाही, हेही तितकेच खरे. पुढे मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानी जहाजे बांधण्यास आरंभ केला; त्यांपैकी १८१७ साली पाण्यात उतरलेली, मलबारकडील सागाची ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. त्यानंतर रेल्वे आली, वाड्यांच्या तुळया आणि खांब आले, ठेकेदारांचे कूप आले. आणि या प्रत्येक मागणीने रानातून जे उचलले ते सरळ, उंच, निरोगी आणि भरदार असेच उचलले.

याचा परिणाम असा की पिढ्यान्‌पिढ्या रानात बी टाकीत राहिली ती मुख्यत्वे कुऱ्हाडीने नाकारलेली झाडे. शेतकरी जोंधळ्याचे सर्वांत भरलेले कणीस खाऊन टाकून पोचट कणसे बियाण्यासाठी ठेवू लागला तर त्याच्या शेताचे जे होईल ते आमच्या पुष्कळ सागबनांचे आणि शिसवीच्या रानांचे झाले आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. म्हणून देशी इमारती वृक्षांचे चांगले बी शोधणे म्हणजे मुळात कुऱ्हाडीच्या निवडीतून निसटलेल्या झाडांचा शोध घेणे होय.

येथे एक शंका कोणीही घेईल, आणि ती रास्त आहे. झाड वाकडे आहे ते जन्मतः वाकडे, की लहानपणी गुरांनी शेंडा खाल्ला, वणव्याने खोड होरपळले, कोणी राबासाठी फांद्या छाटल्या म्हणून वाकडे? नुसत्या डोळ्यांना हा भेद कळत नाही. घेर तर बहुतांशी जमीन, ओल आणि शेजारच्या झाडांमधील अंतर यांवर अवलंबून असतो. एखादा साग नाल्याकाठच्या पोयट्यात उभा आहे म्हणून जाडजूड झाला असेल तर त्याच्या बियांत तो पोयटा उतरत नाही. खोडाची सरळता मात्र पुष्कळ अंशी आनुवंशिक आहे असे वृक्षसुधारणेच्या प्रयोगांतून दिसून आले आहे. यास्तव वनशास्त्रज्ञ एकट्या झाडाची वाखाणणी करीत नाहीत; एकाच जमिनीवर, एकाच वयाच्या वीस-पंचवीस झाडांत जे झाड इतरांहून स्पष्टपणे सरळ, कमी फांद्यांचे आणि उंच निघाले असेल त्यालाच ते मातृवृक्षाचा मान देतात.

ही तुलना बाजारातील बियाण्याच्या बाबतीत कोणी करीत नाही, आणि तिथेच खरी गोम आहे. सागाचे बी वजनावर विकत घेतले जाते. गोळा करणाऱ्याला दर किलोमागे पैसे मिळत असल्यामुळे कमी श्रमांत अधिक बी देणारे झाड त्याला साहजिकच प्रिय. आणि असे झाड म्हणजे रस्त्याच्या कडेचे, बुटके, पसरट माथ्याचे, दरवर्षी फळांनी लदलेले झाड. साठ-सत्तर फूट उंचीपर्यंत एकही फांदी नसलेल्या सागाच्या माथ्यावरचे बी काढण्यासाठी त्याने जीव धोक्यात का घालावा? त्याचा यात काही दोष नाही. ज्या व्यवहारात वजनाला किंमत आहे आणि वंशाला नाही, त्या व्यवहारात असेच होणार.

सागाच्या बाबतीत या व्यवहाराची किंमत विशेष मोठी आहे, आणि तिचे कारण झाडाच्या रचनेतच आहे. सागाचा फुलोरा येतो तो शेंड्यावर. ज्या वर्षी झाडाच्या मुख्य शेंड्याचा फुलोरा होतो त्या वर्षी त्या शेंड्याची वाढ संपते; पाने समोरासमोर येत असल्यामुळे त्याच्या खालचे दोन डोळे एकाच वेळी जोर धरतात आणि खोड दुभंगते. याचाच अर्थ असा की सागाच्या सलग सोटाची लांबी ही पुष्कळदा पहिल्या फुलोऱ्याच्या वयाने ठरते. जे झाड पोरवयातच फुलले त्याचा सोट आखूड; ज्याने फुलण्याची घाई केली नाही त्याचा सोट लांब. आता लवकर आणि भरपूर फुलणारे झाड तेवढेच लवकर आणि भरपूर बी देणार, आणि वजनावर बी गोळा करणाऱ्याच्या पोत्यात नेमके त्याचेच बी अधिक पडणार. अशा रीतीने एक शब्दही खोटा न बोलता, कोणतीही भेसळ न करता, आखूड सोटाचा वंश पोत्यापोत्याने रोपवाटिकांत जाऊन पोहोचतो.

फळाची गोष्टही विचार करण्यासारखी आहे. पावसाळ्यात फुललेल्या एका तुऱ्यात हजारो फुले असतात, पण त्यांपैकी फळ धरते ते शेकड्यास एक-दोनच फुलांना. साग आपल्याच परागाने सहसा फळ धरीत नाही. मधमाश्यांसारख्या कीटकांनी दुसऱ्या झाडाचा पराग आणावा लागतो. फुगलेल्या कागदी आवरणात लवदार साल आणि तिच्या आत दगडासारखी टणक आठळी असते. आठळीत चार कप्पे असले तरी पुष्कळदा एखादाच भरलेला असतो, आणि कित्येक आठळ्या तर सर्वस्वी पोकळ निघतात. किलोमागे साधारण १,००० ते ३,००० फळे बसतात. कोरड्या मुलखातील फळे लहान असल्यामुळे त्यांची संख्या अधिक भरते, आणि संख्या अधिक दिसली म्हणून रोपे अधिक उगवतील असे समजणारा गिऱ्हाईक फसतो. बांधावरच्या एकट्या, सुंदर सागाचे बी घेण्याचा मोह होतो खरा, परंतु ज्याच्या आसपास दुसरा साग नाही त्याची फळे बहुधा पोकळ असतात किंवा स्वपरागातून जन्मलेली दुबळी रोपे देतात.

या आठळीने पूर्वीच्या लोकांनाही दमवले आहे. मलबारचे कलेक्टर कॉनोली यांनी १८४० च्या दशकात निलांबूर येथे सागाची लागवड करण्याचे मनावर घेतले तेव्हा आरंभी त्यांची मोठी अडचण झाली ती बी उगवण्याचीच. पुढे चातु मेनन यांच्या देखरेखीखाली काम मार्गी लागले, आणि त्या काळच्या सागांपैकी काही झाडे कॉनोलींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेथील वनात अजून उभी आहेत. आज सागाचे बी रात्री पाण्यात आणि दिवसा उन्हात असे आठ-पंधरा दिवस आलटूनपालटून ठेवतात, किंवा वाळवीकडून वरची लवदार साल खाववून घेतात, आणि मग उन्हाळ्यात गादी वाफ्यावर पेरतात. वर्षाने अंगठ्याएवढी जाड मुळी झाली की शेंडा आणि बारीक मुळे छाटून सागजडी तयार होते. हे शास्त्र आता सर्वांस अवगत आहे. बी कसे उगवावे याचे ज्ञान एवढे वाढले, आणि बी कोणाचे याची चौकशी मात्र मागे पडली, ही या इतिहासातील चमत्कारिक गोष्ट आहे.

वंशाच्या प्रश्नाची जाणीव युरोपातील लोकांस काहीशी आधी झाली, आणि तीही नुकसान सोसून. फ्रान्समध्ये व्हिल्मोरँ नावाच्या बियाणे-व्यापारी घराण्यातील एका जाणत्याने १८२० च्या दशकात ले बार येथे निरनिराळ्या मुलखांतील पाइनचे बी शेजारी शेजारी लावून पाहिले. एकाच जातीची झाडे मूळ स्थानानुसार सरळ किंवा वाकडी होतात हे त्यात सर्वांना उघड दिसले. स्वीडनमध्ये त्याच शतकात जर्मनीतून आणलेल्या पाइनच्या बियांची झाडे वेडीवाकडी आणि रोगट निघाली, तेव्हा कुठे सरकारचे डोळे उघडले. आपल्या देशात सागाच्या निरनिराळ्या मूळस्थानांच्या बियांची तुलना करणारे क्षेत्रप्रयोग १९३० च्या सुमारास निरनिराळ्या प्रांतांत सुरू झाले, आणि १९७० च्या दशकात डेन्मार्कच्या साहाय्याने अनेक उष्ण देशांत तसेच प्रयोग झाले. वाढीचा वेग, खोडाचा आकार, पहिल्या फुलोऱ्याचे वय या सर्वांत मूळस्थानाचा फरक पडतो हे त्यांतून निःसंशय सिद्ध झाले. स्थानिक बी नेहमीच सर्वोत्तम ठरले असे नव्हे. परंतु जेथे तुलनेचा पुरावा नाही तेथे आपल्याच पर्जन्यमानाच्या, आपल्याच उंचीच्या आणि आपल्यासारख्याच मातीच्या रानातील बी घेणे हा सर्वांत कमी धोक्याचा मार्ग आहे. कोकणातल्या माणसाने कोरड्या पठारावरचे सागबी मागवावे आणि मेळघाटातल्या माणसाने मलबारचे, असा उलटा व्यवहार मात्र पुष्कळ चालतो, कारण दुरून आलेला जिन्नस आपोआप श्रेष्ठ ठरतो.

या भोळेपणाचा कळस १९९० च्या दशकात पाहावयास मिळाला. वीस वर्षांत प्रत्येक झाडामागे मोठी रक्कम देण्याचे वचन देणाऱ्या सागलागवडीच्या योजनांच्या जाहिरातींनी वर्तमानपत्रांची पाने भरून गेली होती. हप्ते भरणाऱ्या मध्यमवर्गीयांपैकी कोणीही, हे रोप कोणत्या झाडाचे, असा प्रश्न केल्याचे ऐकिवात नाही. ऊतिसंवर्धनाने केलेली रोपे महाग विकली जातात तेव्हाही हाच प्रश्न विचारावयास हवा. ऊतिसंवर्धन ही केवळ नक्कल करण्याची कला आहे. मूळ दस्तऐवज सदोष असेल तर त्याच्या लाख नकला सदोषच निघणार.

मग चांगले बी मिळावे कोठून? पहिले ठिकाण म्हणजे सरकारी वने. वनखाते चांगल्या सागबनाची निवड करून त्यातील खराब झाडे काढून टाकते आणि उरलेल्या झाडांना मोकळी जागा देते. या राखलेल्या तुकड्यास बीजोत्पादन क्षेत्र म्हणतात. त्याहून वरची पायरी म्हणजे बीजोद्यान: निवडक मातृवृक्षांच्या फांद्यांची कलमे एकत्र लावून त्यांच्यातच संकर होऊ देणे. कल्पना उत्तम, परंतु सागाच्या बीजोद्यानांनी बी फार थोडे दिले, कारण निरनिराळ्या मुलखांतून आणलेली कलमे एकाच वेळी फुलत नाहीत आणि फुले वाया जातात. उशिरा फुलणारी झाडे मुद्दाम निवडावयाची आणि मग ती फुलत नाहीत म्हणून हळहळावयाचे, असाही काहीसा प्रकार त्यात झाला असावा. व्यवहारात म्हणून बीजोत्पादन क्षेत्राचे बी मागणे हेच सामान्य शेतकऱ्यास शक्य असते. कोइमतूरची वनआनुवंशिकी व वृक्षसुधार संस्था आणि जबलपूरची उष्णप्रदेशीय वन संशोधन संस्था यांचा अभ्यास या विषयावर आहे. विदर्भात आलापल्लीच्या रानाचे नाव सागाच्या बाबतीत आदराने घेतले जाते. तेथील एक जुना तुकडा २०१४ साली राज्याने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केला. अशा तुकड्यांकडे पर्यटक उंची पाहण्यासाठी जातात, परंतु कुऱ्हाडीपूर्वीचा वंश जेथे शिल्लक आहे अशा थोड्या जागांपैकी ते आहेत, हे त्यांचे खरे मोल.

राखीव वनातील फळ हेही कायद्याने वनोपजच असल्यामुळे परवान्यावाचून ते उचलता येत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर मात्र या व्यवहारास एक नवे दार उघडले आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले, त्यामागोमाग इतर अनेक ग्रामसभांना मिळाले. मोहफूल, तेंदूपान आणि बांबू यांच्या जोडीला, नावानिशी ओळखीच्या मातृवृक्षांचे बी हा जिन्नसही अशा ग्रामसभांनी विकावा असे मला फार वाटते. रान माहीत असलेला माणूस आणि रानावर हक्क असलेला माणूस तेथे एकच असतो, आणि असा योग सरकारी यंत्रणेत सहसा येत नाही.

सह्याद्रीकडे आणखी एक ठिकाण आहे: देवराई. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात या राईंचा पद्धतशीर अभ्यास करून त्यांचे महत्त्व विद्वानांच्या नजरेस आणले. गावकऱ्यांस ते आधीच ठाऊक होते. ऐन, किंजळ, बेहडा यांचे कुऱ्हाड न लागलेले वृक्ष कित्येक ठिकाणी आता केवळ देवाच्या भयाने उभे आहेत. परंतु येथे दोन पथ्ये पाळावी लागतात. काही राईंत वाळलेली काडीदेखील बाहेर नेण्याची मनाई असते. तेव्हा गावाची संमती घेऊन, रीत असेल तर देवाला कौल लावूनच बी वेचावे. दुसरे पथ्य निसर्गाचे आहे. एकर-दोन एकरांच्या एकाकी राईत एका जातीची चार-पाचच झाडे असतील तर ती बहुधा एकमेकांची भावंडे असतात, आणि त्यांचे बी पाहण्यास कितीही सुरेख असले तरी संतती खुरटी निघण्याचा संभव असतो. एका राईचे बी स्वतंत्र लागवडीस न वापरता आसपासच्या अनेक राईंचे एकत्र करणे हा त्यावरचा उपाय होय.

हीच भानगड शिसवीत अधिक फसव्या रूपाने येते. शिसव मुळांवरून फुटवे काढते. माळावर दहा-बारा शिसवी एका ओळीने उभ्या दिसल्या म्हणजे दहा मातृवृक्ष सापडले असा आनंद होतो, पण त्या साऱ्या एकाच जुन्या मुळाच्या फांद्या असू शकतात. पानगळ आणि पालवी सगळ्यांची एकाच आठवड्यात होत असेल तर हा संशय बळावतो. शिसवीच्या पातळ चपट्या शेंगा हिवाळ्याच्या अखेरीस पिकतात आणि बी काही महिन्यांतच निस्तेज होते, त्यामुळे गेल्या सालचे पोते स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

ऐन, किंजळ आणि धावडा यांच्या फळांना पंख असतात, आणि बहुसंख्य फळे आतून रिकामी असतात. धावड्याची कीर्ती तर अशी की कित्येक वर्षे झाड भरभरून फळते आणि त्यात जिवंत बी जवळजवळ नसतेच. ट्रूप यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय वृक्षसंवर्धनावरील ग्रंथातही या वांझपणाची दखल आहे. म्हणून या जातींचे बी घेताना शंभर फळे धारदार सुरीने चिरून पाहिल्याशिवाय वजनाचा भाव ठरवू नये. हेदूची तऱ्हा याच्या अगदी विरुद्ध: त्याचे बी धुळीसारखे, एका किलोत कोटीच्या घरात, बोंडे तडकण्याआधी उतरवून कापडावर वाळवली नाहीत तर हाती काहीच लागत नाही. शिवणीची पिवळी फळे उन्हाळ्यात आपोआप गळतात, परंतु हरणे आणि गुरे ती आपल्याआधी वेचतात. बिबळ्याच्या गोल, पापडासारख्या पंखांच्या शेंगा झाडावरून उतरवणेच इष्ट, कारण खाली पडलेल्यांत कीड लवकर शिरते.

बी वेचण्याचा शिरस्ता मात्र सर्व जातींना जवळजवळ सारखाच आहे. किमान पंचवीस-तीस मातृवृक्ष निवडावेत आणि त्यांच्यात पन्नास ते शंभर मीटरांचे अंतर राखावे. ज्या वर्षी रानात सर्वत्र फळ भरपूर आले असेल त्याच वर्षी बी घ्यावे, कारण त्या वर्षी पराग अनेक झाडांचा येतो. पहिल्या गळीची फळे कच्ची किंवा किडकी असतात, ती सोडून द्यावीत. आणि प्रत्येक झाडाचे बी सारख्याच प्रमाणात मिसळावे, नाहीतर एखाद्या उदार झाडाचीच संतती सगळे शेत व्यापून टाकते. पोत्यात चिठ्ठी असावी, आणि तिच्यावर रानाचे व तालुक्याचे नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, झाडांची संख्या आणि वेचणीची तारीख नोंदलेली असावी. युरोपातील देशांनी पुढाकार घेतलेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत चिठ्ठीच्या रंगावरूनच बियाण्याची प्रत कळते: केवळ ठिकाण माहीत असेल तर पिवळी, वन निवडलेले असेल तर हिरवी, मातापित्यांची निवड झाली असेल तर गुलाबी, आणि संततीची परीक्षा होऊन श्रेष्ठता सिद्ध झाली असेल तर निळी. आपल्या रोपवाटिकांत विकणाऱ्याकडे पिवळ्या चिठ्ठीइतकी माहिती असली तरी पुष्कळ मानावे लागेल, आणि ती माहिती मागणारे गिऱ्हाईक निघाल्याखेरीज ती ठेवली जाणार नाही.

जो शेतकरी आपल्या रानात दोनशे-चारशे झाडे लावणार आहे त्याला तर याहून पुढे जाता येते. प्रत्येक मातृवृक्षाचे बी वेगळे पेरून त्याच्या रोपांचे अंक वहीत टिपावेत, आणि एका मातेची लेकरे एका ओळीत न लावता शेतभर विखरून लावावीत, म्हणजे चांगल्या जमिनीचा लाभ कोणा एकाच वंशास मिळणार नाही. दहा-बारा वर्षांनी विरळणीची वेळ येते तेव्हा सामान्यतः माणूस जवळजवळची झाडे काढून टाकतो. वही असेल तर त्याला दिसते की अमुक मातेची बहुतेक संतती लवकर फुलली आणि दुभंगली, तमुक मातेची सरळ गेली, आणि मग कुऱ्हाड कोणावर चालवायची हे तो वंश पाहून ठरवू शकतो. दोनदा अशी विरळणी झाल्यावर जी झाडे उरतील त्यांचे बी, आसपास दुसरे हलके सागबन नसेल तर, शेजाऱ्यांना देण्याच्या लायकीचे झालेले असते.